हिवराखालचे पांढरे दगड

१७ नोव्हेंबर, सोमवार

बदलीचा कागद हातात पडला तेव्हा नाशिकच्या माझ्या डोंगरवेड्या मंडळींनी मला भरपूर छळलं होतं. बीडमध्ये कसले डोंगर, आता रोहिणी ढेकळं चढणार, वगैरे. आज आष्टीहून जीपनं हिवरदऱ्याला उतरले आणि समोरच तो दिसला. गावाच्या डोक्यावर उभा, काळाकभिन्न, माथा सपाट. म्हाळूचा डोंगर म्हणतात. लगेच फोटो पाठवला आणि सगळ्यांची बोलती बंद केली. ७ डिसेंबरला सहाजण येणार, मी वाट शोधून ठेवणार, असं ठरलंसुद्धा.

मी नर्स म्हणून आलेय त्या आरोग्य उपकेंद्राला लागूनच चंद्रभागाबाईंकडे खोली मिळाली. त्यांना मी मावशी म्हणते. अर्ध्या गावाला कुलपं आहेत, माणसं ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलीत. मावशींचा मुलगा अभिमन्यू आणि सून बबिता गेल्या आठवड्यातच गेली. चार वर्षांची करिष्मा आजीपाशी आहे. आई कवा येनार, असं दिवसातून दहादा विचारते. मावशी दरवेळी सांगतात, की डोंगर राखतोय तिला, येईल. मला ते ऐकून फार गोड वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी पेशंट नव्हते म्हणून पायथ्यापर्यंत जाऊन आले. वाट अशी नाहीच. कंबरेएवढं कुसळ, मध्ये सीताफळीची झुडपं. खुणा केल्याशिवाय नवखी माणसं हमखास चुकणार.

पायथ्याला एका हिवराच्या झाडाखाली दगड रचलेत. नारळाएवढे, सगळे चुन्यानं रंगवलेले. मोजले, एक्केचाळीस भरले. एकावर गेरूचा कोयता काढलाय, एकाला हिरव्या बांगडीचा तुकडा दोऱ्यानं बांधलाय. वाटेच्या खुणांना याहून चांगलं काय मिळणार?

तिथं गावातले आसाराममामा मेंढ्या चारत होते. मी दगडांकडे बघतेय म्हटल्यावर काठी आडवी धरून म्हणाले, की म्याडम, ह्यान्ला हात लावायचा न्हाई, आन् डोंगरावर तर जायचंच न्हाई. का, ते काही सांगितलं नाही. सगळ्या गावांत असा एक म्हातारा असतोच.

२३ नोव्हेंबर, रविवार

दमले, पण काम फत्ते. मामा आज मेंढ्या घेऊन पलीकडच्या शिवारात गेले होते. सकाळपासून पोत्यात चार-चार दगड घालून वाहिले आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत ओळीनं मांडले. कोयतावाला आणि बांगडीवाला अगदी माथ्यावर, शेजारी शेजारी. सहल झाली की जिथल्या तिथं ठेवून देईन.

संध्याकाळी करिष्मा मागेच लागली, की मलाबी दगड. डबीत चुना होता, तिच्या मुठीएवढा एक खडा रंगवून दिला. घेऊन झोपली. पोर लई गुणाची आहे. (मीही लई म्हणायला लागले!)

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी अभिमन्यूचा फोन आला. भर उन्हात बबितानं उसाच्या फडात कोयता टाकला आणि चालू लागली म्हणे. तिघांनी धरून आणली. मला बोलावणं आलंय, वर जायचंय, एवढंच म्हणते. मी ऊन लागल्याचं सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी द्यायला लावलं. मावशींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. मग विचारलं, की काल तुमी कुठं गेलत्या?

मी खरं सांगितलं. त्या उठून आत गेल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभरात एकही पेशंट नाही. हापशावर गेले तर बायका अर्धे भरलेले हंडे उचलून निघून गेल्या. दूध आलं नाही. दारासमोर कुणीतरी बाभळीचे काटे टाकलेत. मला खूप राग आला. दगडांवरून एवढं?

बारा वाजता खिडकीतून डोंगर पाहिला. दगडांच्या ओळीत माणसं उभी होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, अंतराअंतरावर. मला गुराखी वाटले.

पण त्यांच्यासोबत गुरं नव्हती. आणि कुणीच हलत नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऊसतोडीच्या टोळीतली आणखी सातजणं फडातून निघाली. धरून आणली तर पुन्हा निघतात. सगळी याच गावची.

मामा आले. दगड कुठं आहेत, एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर उंबऱ्यातच बसले. मग म्हणाले, की तोडीला जाणारा परतेक माणूस जाताना आपल्या नावाचा दगड पायथ्याला ठिवतो. तो खाली हाय तवर डोंगर राखणदार. वर गेला, की डोंगर त्या माणसाला वर बोलावतो आन् मंग ठिवून घेतो. ज्यानं चढवला त्यानंच उतरवायचा, दुसऱ्याच्या हातानं येत न्हाई. आन् खाली पोचल्याबिगर भुईला टेकवायचा न्हाई.

मी हसले नाही. बारा वाजताचं मी पाहिलं होतं.

बांगडी बबिताची आहे. कोयता अभिमन्यूचा.

सहाजणांना येऊ नका म्हणून कळवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटेपासून खेपा घालून एकोणचाळीस उतरवले, पोतं कुठंच न टेकवता. हात सोलून निघालेत. एकही दगड मी ठेवला तिथं नव्हता, सगळे वर सरकलेले. कुसळात ओढल्याच्या खुणा होत्या.

ती सातजणं शुद्धीवर आली, जेवली. टोळीवरून फोन आला तेव्हा मी रडले.

वरचे दोन राहिले. सूर्य डोक्यावर आला आणि कुणीतरी माझ्या शेजारी श्वास घेतला. मी पळाले. भ्याले मी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बबिता कोपीत, फडाजवळच्या त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, नाही. अभिमन्यू तिला शोधायला गेला. त्याचा फोन लागत नाही.

आज वरचे दोन दगड आणायला निघाले होते, पण मावशींनी बाहेरून कडी घातली. मी पळून जाईन असं वाटलं त्यांना. दुपारनंतर काढली. उद्या पहाटे जा, म्हणाल्या, माझं लेकरू आना.

करिष्मानं विचारलं, माजा दगड वर नेला तर आई येती का.

मी फाटलेलं पोतं शिवत राहिले. डोकं ठिकाणावर नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

माथ्यावर आहे. अकरा वाजून गेले. दगड सापडायला चार तास लागले — पार पलीकडच्या कड्याशी होते. रेंज नाही म्हणून लिहून ठेवतेय. दोन्ही मांडीवर घेतलेत. भुईला टेकवायचे नाहीत.

कोमट आहेत. बांगडीवाला जास्त.

आता उतरते. बारापर्यंत —

खाली कुसळ हलतंय. कुणीतरी चढतंय. फार लहान आहे, डोकं तेवढं दिसतं —

करिष्मा. एकटीच. दोन्ही हातांत धरलंय काहीतरी, छातीशी. पांढरं.

मी रंगवलेला.

ओरडले, थांब, टाकू नकोस, तशीच मागं फिर. ऐकत नाही. दगड जड झाले, उठता येत नाही. एक सोडला तर — कुणाचा सोडू —

हसतेय ती. हात हलवतेय.

माझ्याकडे बघत नाही. माझ्या मागे बघून आई म्हण