तीन शब्द सोड

टॅलो बेंड, मिसिसिपी
१४ ऑक्टोबर २०२१

प्रिय रेफर्ड मामा,

कॉर्डेल पूर्वी कसा होता? डोक्याला मार बसलेल्या खेळाडूंचे उपचारांचे अर्ज तपासणाऱ्या समितीच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. सख्खी बहीण असून.

बाकी आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? उद्याच्या मॅचआधी शाळेच्या मैदानाला तुमचं नाव देणार, म्हणून गावभर फलक लागलेत. मुख्याध्यापकांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. घरातली पहिली पदवीधर, त्यात कोचची भाची.

कॉर्डेल परवा पेट्रोल पंपावरून घराचा रस्ता विसरला. तीन वळणांचा रस्ता. एकतिसाव्या वर्षी. व्यावसायिक फुटबॉलचे सहा हंगाम त्याने चेंडू पोटाशी धरून दीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत डोकं घातलं. त्याच्या जागेवर खेळणारी पोरं तीन वर्षांत घरी येतात. तो टिकला, याचं श्रेय गाव तुम्हाला देतं. मीही देते.

तो पहिल्यांदा संघात जायला निघाला, त्याच्या आदल्या रविवारी आई मासे तळत होती. तुम्ही त्याला समजावत होता. हंगामाआधी संघाचे डॉक्टर बारा शब्द ऐकवतात आणि परत म्हणायला लावतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा. गुण घसरले तर बाहेर बसवतात.

"म्हणून पहिल्याच दिवशी चुकायचं," तुम्ही म्हणालात. "जमिनीवरच बसलं की पडायची भीती नाही."

"मला ढ दिसायला सराव कशाला, मामा?"

"तुझं सोंग कोंबडीसुद्धा ओळखेल. चूक खरी वाटली पाहिजे."

आई चुलीपासून म्हणाली, "डोक्याला लागलं तर बसू दे की त्याला."

"तो बसला की दुसरा उभा राहतो, ताई. मग ह्याला कोण विचारतं?"

आधी कॉर्डेलने बाराच्या बारा शब्द धडाधड म्हणून दाखवले. तुम्ही सरावाच्या शब्दांच्या कागदावर पेन्सिलने बारा लिहिलं आणि खाली लिहिलंत, 'तीन सोड.' तो कागद आई गेल्यावर तिच्या पाककृतींच्या डब्यात सापडला.

समितीसमोर त्याच्या दर हंगामातल्या पहिल्या परीक्षेचे गुण होते. नऊ, नऊ, नऊ. आज तो आठ म्हणतो. "विशेष फरक नाही, मुळातच असा असावा," असं लिहून त्यांनी त्याच्या उपचारांचा अर्ज फेटाळला. उपचार नाहीत, जन्मभर सांभाळणारं कोणी नाही.

रविवारी मी तुम्हाला फोन करून कागदाचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "जाळून टाक, पोरी. मैदानाचं होऊन जाऊ दे, मग बघू." कॉर्डेलचं नाव एकदाही काढलं नाहीत.

जाळला असता तर माझंही भलं झालं असतं. त्या कागदावर तीन शब्दांवर लाल खुणा आहेत, त्या कुणाच्या ते तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजचं माझं पहिलं वर्ष होतं. माणूस यादीतलं मधलंच विसरतो, हे मी नुकतंच वाचलं होतं. म्हणून यादीच्या मधोमधचे शिडी, मध, बदक हे तीन शब्द मी निवडले. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, "शिक्षण कामाला आलं." ती थाप मी कित्येक वर्षं मिरवली. डॉक्टरीणबाईंपुढे माझी वाचा बसली ती त्यामुळे.

काल मी जॅक्सनला जाऊन त्यांना उत्तर दिलं. पूर्वी तो बारापैकी बारा होता. मूळ कागद दिला, जबाबावर सही केली. त्यात आधी तुमचं नाव आहे, मग माझं.

जबाबाची एक नक्कल मुख्याध्यापकांच्या हातात दिली आणि भाषणाला नाही म्हणून आले. दुसरी लॉनीच्या सलूनमध्ये, मॅचच्या दिवशी सकाळी तुम्ही ज्या खुर्चीत दाढीला बसता तिच्यासमोरच्या आरशावर चिकटवली आहे. लॉनीने वाचली. काढणार नाही म्हणाला.

तुमची शिकलेली भाची,
ओडेसा