मधलं बेट

३ डिसेंबर १९९८
सुटलो एकदाचा! सातपूरच्या कारखान्यातला खडखडाट गेला, आता मी पक्षी अभयारण्याचा रखवालदार. धरणाच्या फुगवट्याकाठी दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर पाण्यात थापट्या बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, पार तिकडे उथळ पाण्यात रोहित पक्षी. पहिलं बाळंतपण, म्हणून पल्लवीला ओझरला माहेरी जायचं होतं. मीच म्हटलं, नववा लागेपर्यंत राहा की माझ्याजवळ. हवा काय झकास आहे!

६ डिसेंबर
मोठे साहेब येणार, पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून पाणी मोकळं दिसलं पाहिजे, म्हणून पाणगवत कापायला काढलं. गावची माणसं सपासप कापत गेली, पण मधलं बेट आलं आणि विळे खाली! बारकू नावाडी म्हणाला, भाऊ, एवढं ठिवायचं आसतं, ज्याचं घर त्याला. कोणाचं, विचारलं तर सगळे काठाकडे चालते झाले. भलतेच लाड! मी स्वतः उतरलो आणि बुडख्यापासून साफ केलं. मधे माणूस निजेल एवढा खळगा निघाला. हात लावला तर गरम. रानडुकराचा असणार.

९ डिसेंबर
पाण्यावर एक पाखरू नाही. दूधवाली चिमणाबाई कुंपणाबाहेरूनच ओरडली, त्याचं घर मोडलं, आता ते तुमच्यात ऱ्हायला येईल, बाईला माहेरी धाडा. डोकंच फिरलं माझं. हाकलली तिला.
आतल्या खोलीत ओल्या गवताच्या काड्या पडल्यात. पल्लवी म्हणते, तिने आणल्या नाहीत.

१२ डिसेंबर
कोपऱ्यात घरटं झालंय. काल मोडून फेकलं, आज दुप्पट. गवतात पल्लवीचे केस विणलेत. म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता ओझरला. तर त्यातच जाऊन बसली. ऊब आहे म्हणते. माझ्यावर फिसकारली. घाबरलोय मी. काय लपवायचं?

१३, दुपार
कळा सुरू — दिवस भरले नाहीत अजून! गावात धावलो. जीप कुणी देईना, सगळी दारं बंद. बारकू आतूनच म्हणाला, सांगितलं व्हतं ना भाऊ —
परत आलो. घरटं वरून बंद. पल्लवी आत. विळ्याने कापतोय, कापलं की पुन्हा —

तिचं ओरडणं थांबलं. बाळ रडलं नाही.

पल्लवी आतून म्हणते, बाळाला हात लाव. तिचाच आवाज. डावा हात घातला — धरलाय. सोडत नाही. देवा, पल्लवीच्या हाताला बोटं पाच, मला धरलेल्या हाताला —