नेहाच्या पगारातून कापलेले पैसे

मंगळवार, संध्याकाळ

बडा फुहारा चौकातल्या साडीच्या दुकानातली नोकरी मी आठवड्यातच सोडली. शेठ गिऱ्हाइकांसमोर "अबे गधे" म्हणाला, मी साडी फेकून निघालो. आज हक्काचे पैसे मागितले तर त्यानं हसत दिले. हसला काहून?

बाहेर नेहा उभी. ती त्याच दुकानात कामाला, तिनंच मला तिथं लावलं होतं.

"चलो, खुश? नवा टिकला नाही तर त्याचे पैसे आणणाऱ्याच्या पगारातून कापतात."

म्हणून हसला तो!

"आधी सांगायचं ना!"

"मग तू माझ्यासाठी टिकला असता. मला ते नको होतं."

मी पैसे पुढे केले. तिनं पर्समध्ये टाकले.

पण मी तिथं लागलोच होतो तिच्यासाठी. आता हे कोणत्या तोंडानं सांगू?