पांढरं तुला, पिवळं मला

प्रिय छोटे,

गिऱ्हाइकं हल्ली तुझ्या बेकरीत येऊन ‘प्रोटीनचा पाव आहे का?’ विचारतात आणि तू ‘पाव इथे, प्रोटीन समोरच्या जिममध्ये’ म्हणून सांगतेस, हे वाचून आईला हसता हसता ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाली, डॉक्टरांनी तिला पाव-भात कमी करून रोज एक अंडं खायला सांगितलंय, तेही बलकासकट! आपल्या लहानपणी हाच बलक तुझ्यासाठी विष होता. एकच अंडं उकडायची ती. पांढरं तुला, कारण तू गुटगुटीत. पिवळं मला, कारण मी काडीपैलवान. तू माझ्या बशीकडे बघत पांढरं चावत राहायचीस.

मग तेव्हाचं सगळं फुकटच गेलं का गं, असं मी तिला विचारलं. तर म्हणे, तेव्हा शहाणे सांगायचे ते केलं, आता सांगतात ते करते, आणखी काय करू? तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. नवं कळलं की सल्ला बदलायलाच हवा. पण सगळ्यांनी मिळून एकीच्या घासावर नजर ठेवायची, हे कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं?

हे आता आठवतंय ते लेकीमुळे. मोबाइलवर एक जण म्हणतो पाव सोडा, दुसरा म्हणतो बलक सोडा. आमची बाई दोघांचंही ऐकते. दोन्ही बशीच्या कडेला सारते आणि ‘भूक नाही’ म्हणून उठते. शाळेचा स्कर्ट पिन लावून आवळलाय. डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पुन्हा बोलावलंय, आणि तोवर समजावत बसू नका, नुसतं सोबत जेवा, असं बजावलंय. मी बसते गं. पण माझी नजर सारखी तिच्या बशीवर जाते, हुबेहूब आईसारखी. तिला ते कळतं.

आपल्या घरात जेवताना दुसऱ्याच्या ताटात न डोकावणारी तू एकटीच. का, ते मला आता उमगतंय. म्हणून हे पत्र. रविवारी दुपारी बेकरी बंद केलीस की ये. तुझा पाव आण. तिला काही सांगू नकोस, विचारू नकोस. शेजारी बसून पोटभर खा, बस. अंडी मी उकडते, ज्याचं त्याला अख्खं. आणि माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवते.

वाट बघणारी तुझीच,
ताई