शॉर्टलिस्ट झालेली सून

३ नोव्हेंबर, सोमवार
शॉर्टलिस्टेड! मोबाईलवर एकच शब्द आणि खाली कास्टिंगवाल्या उझमाचं नाव. दहा वेळा वाचला. गिऱ्हाईक खुर्चीत, एक भुवई झालेली, दुसरी तशीच — बिचारी आरशात बघत बसली!

मालिकेत नायिकेच्या आईचं काम, त्यासाठी ऑडिशनचा व्हिडिओ पाठवला होता. कॉलेजातल्या एकांकिकेनंतर अठरा वर्षांनी. नवऱ्याला, विनोदला, फोन केला. मी म्हटलं, "शॉर्टलिस्ट झालंय." तो म्हणाला, "म्हणजे झालं ना?" मी म्हटलं, "तसंच समज." कशाला म्हटलं तसं?

४ नोव्हेंबर
सावर्ड्याच्या नाक्यावर बॅनर! 'मालिकेत निवड झाल्याबद्दल वाडीच्या सूनबाईंचे हार्दिक अभिनंदन.' फोटो पुतणीच्या हळदीतला, शेजारचीचा खांदा कापून. नवऱ्याने आणि मंडळाच्या पोरांनी मिळून केलंन. 'निवड' नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं आणि "फोटो दुसरा नव्हता का?" एवढंच विचारलं.

६ नोव्हेंबर
लिहू की नको? लिहिते. दुसरीकडे कुठे बोलणार.

दुपारी उझमाचा फोन आला. ती रत्नागिरीचीच, मुंबईला कास्टिंगवाल्यांकडे कामाला. मला वाटलं, तारखा सांगणार. तर म्हणते, "ताई, तुमच्या व्हिडिओत कॅमेऱ्यामागून नणंदेची वाक्यं कोण बोलतंय?"

ती सावित्रीवहिनी. माझी मोठी जाऊ. काजू सोलायला जाते, त्या दिवशी सुट्टी होती म्हणून हातात कागद दिला — मी बोलायचं, तिने मोबाईल धरून पलीकडचं वाचायचं. दोन ओळी वाचल्यान आणि पुढे कागद सोडून आपल्या मनाने भांडत सुटली. मला हसू येत होतं, तरी तसंच पाठवलं. माझा चेहरा चांगला आला होता ना!

उझमा म्हणाली, "सर दोनदा मागे नेऊन ऐकत होते. नणंदेच्या कामाला त्यांना बघायचंय. नंबर देता?"

मी म्हटलं, "शेजारीण होती कोणीतरी. गावाला गेली. नंबर नाही."

इतक्या पटकन आलं तोंडातून! जराही अडखळले नाही. हाच अभिनय व्हिडिओत केला असता तर!

मग विचारलं, माझं काय? ती म्हणाली, "ताई, शॉर्टलिस्ट म्हणजे तुमचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. या कामाला अजून चाळीस जणी आहेत. लॉक झालं, म्हणजे पक्कं झालं, असं सांगितलं तरच खरं. कोणाला बोलू नका एवढ्यात."

कोणाला बोलू नका! नाक्यावर आठ फुटांची मी उभी आहे.

७ नोव्हेंबर
वहिनीने माझ्यासाठी घावणे केले. खाल्ले.

९ नोव्हेंबर, रविवार
देवळात गाऱ्हाणं घातलं. मी नको नको म्हणत होते, पण वाडीची रीतच ती — कोणी परदेशी निघो, कोणाची परीक्षा असो, नारळ घेऊन देवीसमोर उभं करायचं. वाडीतल्या मानकरी भिकाजीतात्यांनी हात जोडले. "बा देवी म्हाराजा, आज तुजी सून टीव्हीत उभी ऱ्हाते हाय. तिच्या आड जो कोन येल, त्येला बाजूला कर रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

आड येणारीला मी आधीच बाजूला करून आले होते, आणि ती माझ्या शेजारी पदर सावरून उभी होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. बाहेर आल्यावर वहिनी म्हणते, "चेहरा का उतरलाय गो? उन्हाचं लागलं काय?"

१२ नोव्हेंबर
मीच उझमाला मेसेज केला. आईच्या कामाला दुसरीच लॉक झाली, परवाच. "ताई, नाही घेतलं की कळवत नाहीत कोणाला, वाईट वाटून घेऊ नका." चाळीस जणींना कुठे कळवत बसणार.

पार्लरमध्ये सकाळपासून तिघींनी विचारलं, कधी लागणार? "डिसेंबरात," म्हटलं. एकीने तर कुठल्या चॅनेलवर तेही वदवून घेतलं.

१३ नोव्हेंबर
घरात सांगितलं. विनोदने चप्पल घातलीन, नाक्यावर जाऊन स्वतःच बॅनर सोडवून आणलान आणि लाकडांवर झाकायला घातलान. वाडीने विचारलं तर म्हणे, "शूटिंग पुढे गेलं." आता तोही माझ्यासाठी खोटं बोलतोय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज वहिनीला सांगून टाकलं. ती पडवीत बांगडे साफ करत होती. मी खाली बसले आणि सगळं ओकले — उझमाने तुला विचारलं होतं, मी नंबर दिला नाही, शेजारीण म्हटलं तुला. का केलंस असं तिने विचारलंन नाही, तरी मीच सांगितलं. व्हिडिओ माझा होता, वहिनी. माझ्या व्हिडिओत त्यांना तू आवडलीस, ते मला सोसवलं नाही.

तिने हातातला बांगडा धुतलान. मग म्हणाली, "इतकंच ना? मला वाटलं कायतरी आजारबिजार निघाला. मीठ दे गो इकडं."

मी मीठ दिलं आणि रडले. रात्री उझमाला मेसेज टाकला — ती माझी जाऊच, हा तिचा नंबर, अजून काही होईल का बघ.

१६ नोव्हेंबर
उझमाचं उत्तर आलं. "ताई, त्यांच्याशी सहा तारखेलाच बोलणं झालं. तुम्ही नंबर नाही म्हणालात, म्हणून फॉर्मवरचा तुमचा दुसरा, घरचा नंबर लावला, तो त्यांनीच उचलला; आवाज लगेच ओळखला. सर तर त्यांना घ्यायलाच निघाले होते. त्याच नको म्हणाल्या. 'आमच्या दीपालीचं आधी होऊ दे, एका घरातल्या दोघी कशाला, माझ्यापायी तिचं ऱ्हायचं,' म्हणाल्या. तुम्हाला सांगू नको असंही बजावलं होतं."

वहिनी अंगणात कपडे वाळत घालतेय. दोनदा हाक मारलीन, चहा झालाय म्हणून. मी अजून खाली गेलेले नाही.