पुढची काठी

ता. ११ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला आहे. फोन तू उचलत नाहीस आणि वहिनी रविवारीसुद्धा "ते मीटिंगमध्ये आहेत" म्हणून सांगते, म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. सध्या माझ्याकडे, संस्थेच्या क्वार्टरमध्ये आहे. हवापालट म्हण हवं तर. तुझ्या बंगल्याचं कुलूप जागेवर आहे आणि समोर रचलेल्या दगडांना तर काहीच झालेलं नाही. वर्षातून दहा दिवस राहायला येणाऱ्या माणसासाठी त्यांनी समुद्र छान अडवून धरला आहे.

दगडांच्या सुनावणीनंतर आपण बोललो नाही. बोलण्यासारखं तू काही ठेवलंही नाहीस. तेव्हा म्हणत होते तेच आजही म्हणते. तुझ्या दगडांवर आपटलेल्या लाटेचा जोर तिथे संपत नाही. ती दगडांच्या टोकाला वळसा घालते आणि शेजारची वाळू ओरबाडून नेते. शेजार म्हणजे आईचं घर. तिच्या अंगणापुढे शिंपल्यांची दाट पट्टी होती, ओहोटीला तिथे पक्ष्यांची झुंबड उडायची. आता एकही येत नाही. हे मी सांगितलं तर तू म्हणालास, "पक्ष्यांना दुसरीकडे चांगला प्लॉट मिळाला असेल." सगळे हसले. तुला माणसं हसवता येतात, ते मला कधीच जमलं नाही.

मग तू माझाच तक्ता पुढे सरकवलास. "साहेब, ही आमची मोजपट्टी. दर महिन्याला स्वतः मोजते. तिच्याच आकड्यांत आईच्या अंगणापुढची वाळू जागच्या जागी आहे. मी वेगळं काय बोलू?" साहेबांनी चष्मा काढला आणि तक्रार निकालात काढली. संस्थेतल्या माझ्या वरिष्ठांसमोर मी तोंडघशी पडले. आई मागच्या रांगेत पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली होती. मला वाटलं, पोरं चारचौघांत भांडतात म्हणून तिचा चेहरा उतरला आहे.

तुला मोजणी आठवते का? माझ्या कॉलेजच्या प्रकल्पाला पुढची काठी तूच धरायचास. दोन सारख्या काठ्या, मध्ये ठरलेल्या लांबीची दोरी. मागच्या काठीशी मी, पाण्याच्या बाजूला तू. एक डोळा मिटायचा, तुझ्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं आणि माझ्या काठीवरची खूण वाचायची. पुढची काठी जेवढी खाली गेली, तेवढी वाळू गेली. एकट्याने हे होत नाही. तू शहरात गेल्यापासून ती काठी आई धरते. मी तिला बजावून ठेवलं होतं की मोजणीच्या रेषेवर पाय देऊ नये, वाळू दबते. ती तेच मला ऐकवायची. "तू तिथेच थांब, माझ्याकडे येऊ नकोस, रेषा बिघडेल." मला तिचं केवढं कौतुक.

अंगणाच्या शेवटच्या पायरीखालून मांजर ये-जा करायला लागलं होतं, दादा. पायरीखाली पोकळी पडली आहे हे डोळ्यांना दिसत होतं आणि आकड्यांत येत नव्हतं. मी काठ्या तपासल्या, दोरी तपासली. आईला तपासायचं कोणाच्या डोक्यात येईल?

आई बरी आहे असं वर लिहिलं. तुला काय सांगायचं तेही आमचं ठरलं होतं: न्हाणीघरात पाय घसरला, किरकोळ आहे. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तुझं "आमची मोजपट्टी" कानातून जात नाही, म्हणून खरं लिहिते.

गेल्या मोजणीच्या दिवशी सकाळी दूधवाल्याचा फोन आला. अंगणाची कड ढासळली होती आणि आई खाली वाळूत पडली होती. घोट्याजवळ हाड मोडलं आहे, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. दूधवाला म्हणाला, "आजी फरशी सोडायलाच तयार नव्हत्या." तुझ्या बंगल्याच्या बांधकामातून उरलेल्या फरश्या तिच्या मागच्या दाराशी रचलेल्या होत्या ना, त्यातली एक.

आई दवाखान्यातून सुटल्यावर मी तिथे गेले आणि पुढची काठी जिथे टेकायची तिथली वाळू हातानं उपसली. खाली फरशी. तिच्याखाली आणखी एक, तिच्याखाली आणखी. वाळू जशी खाली गेली तशी ती भर घालत गेली होती. वर वाळू पसरून, हातानं सारखी करून, माझी वाट बघत काठी धरून उभी राहायची. आणि मी एक डोळा मिटून क्षितिज बघत होते.

तिला विचारलं, फरशी कशाला?

"वाळू खचली की काठी खाली जाते ना गं. मग तुझा आकडा बदलतो."

"बदलू दे की. त्यासाठीच तर मोजतो."

"आकडा बदलला की त्याचे दगड जातील. एवढ्या हौसेनं बांधलंय त्यानं."

मी तिच्यावर ओरडले. प्लास्टर घातलेल्या बाईवर मी ओरडले, त्याचंही खापर तुझ्याच माथ्यावर फोडते आहे. तुझा राग येतो, दादा. घर तिचं जातंय, मोडलाय तिचा पाय, आणि तिला काळजी तुझ्या हौसेची. तू कधी तिच्या दाराशी बसून त्या पायरीकडे बघितलंस तरी का? चहा पितोस तोही तुझ्या गच्चीवर मागवतोस. तिथून समुद्र सुरेख दिसतो, आईचं अंगण मात्र दिसत नाही.

आता मुद्द्याचं. पडताळून घेतलेली मोजणी माझ्याकडे तयार आहे. ती दिली की सुनावणी परत उघडेल आणि तुझे दगड निघतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण आधीचे आकडे खोटे का, हे लिहावं लागेल, आणि सही करून लिहावं लागेल. पुढची काठी धरणाऱ्या व्यक्तीने फसवणूक केली. त्या व्यक्तीचं नाव. मग साहेब तिला बोलावतील, आणि ती प्लास्टरचा पाय घेऊन त्याच खोलीत उभी राहून सांगेल की सगळं तिनं आपल्या मनानं केलं, मुलाला काही माहीत नव्हतं. ते खरंच असेल. तरी तुला तिथे बसून ऐकवेल का?

दगड तू आपणहून काढलेस तर मला काही लिहावं लागणार नाही. वाळू परत बसेपर्यंत मी नव्यानं मोजत राहीन, जुने आकडे चुकीचे म्हणून माझ्या नावावर जातील. संस्थेत मला जे ऐकून घ्यावं लागेल ते घेईन. अमावास्येच्या मोठ्या भरतीआधी यंत्र लावून दगड उचल. नाही उचललेस तर दुसऱ्या दिवशी मी आईचं नाव लिहीन. धमकी समज. आईचं नाव माझ्या हातून लिहवून घेऊ नकोस, यापलीकडे तुझ्याकडे माझं काही मागणं नाही.

आई पलंगावरून विचारते आहे, एवढं काय लिहितेस. तुला लिहिते आहे म्हटलं तर म्हणाली, "त्याला कळव, वारा सुटलाय, बंगल्याच्या वरच्या खिडक्या मी लावून घेतल्या होत्या. पडायच्या आदल्या दिवशीच. काळजी करू नको म्हणावं."

कळवलं.

वरचा नमस्कार रीत म्हणून घातला आहे. माझा नमस्कार दगड निघेपर्यंत राखून ठेवते.

तुझी,
मोजपट्टी