पेटीतले सोमवार

मुलुंड पूर्व,
बुधवार

प्रिय इरा,

तू बनवलेली पेटी काल दुपारी सुरू झाली. आधी हेच सांगून टाकते, बाकीचं लिहायला जरा धीर लागणार आहे. चौदा महिने ती शोकेसवर नुसती बसून होती, दिवा लालच्या लाल. काल मी राऊटरची निळी वायर तिच्या मागे घातली, खट्ट आवाज होईपर्यंत दाबली, आणि पाचेक मिनिटांनी दिवा हिरवा झाला. एवढंच करायचं होतं.

तुमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ती तू आपल्या जेवणाच्या टेबलावर बनवलीस. काचबिंदूने ह्यांची दृष्टी गेली, ते वर्ष. मोबाइल जमेना, काचेवरून बोटं भलतीकडेच जायची आणि मग चिडून फोन सोफ्यावर टाकायचे. तू पत्त्यांच्या जोडाएवढं ते सर्किट आणलंस आणि माझ्या शंकरपाळ्यांच्या डब्यात बसवलंस. डबा गेला म्हणून मी दोन दिवस कुरकुरले होते, तू हसून दुसरा आणून दिलास. डब्याला तीन बटणं. चालू करायचं, पुढच्या गाण्यावर जायचं, आणि तिसरं मोठं, कोटाच्या बटणासारखं. ते ‘ऐकलं’ म्हणून. दर सोमवारी सकाळी पवईच्या ऑफिसात पोचलीस की तू सात गाणी पाठवायचीस. आधी तुझा आवाज, “बाबा, आज हे कुठून मिळालं सांगू का,” आणि मग गाणं. ऐकून झालं की हे मोठं बटण दाबायचे आणि तिकडे तुझ्या फोनवर तुला कळायचं. पेटी हे नाव ह्यांनीच ठेवलं. तरुणपणी पेटी शिकायची फार हौस होती, राहूनच गेली. आता माझ्याकडेही पेटी आली, म्हणायचे.

तुझं आणि मिहिरचं का बिनसलं ते मी उगाळत नाही. तुमचं घर मोडून तू अंधेरीला खोली घेतलीस, तो बॅग घेऊन इथे आला. मला वाटलं, आता गाणी थांबतील. थांबली नाहीत. सोमवारी सकाळी मिहिर पोह्यांची बशी घेऊन बसलेला असायचा आणि शोकेसवरून तू “बाबा” म्हणायचीस. तो बशी तशीच ठेवून उठायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी ह्यांना म्हटलं, निदान तो घरात असताना लावू नका. म्हणाले, “तिचं त्याच्याशी तुटलंय. माझ्याशी कुठे तुटलंय?” तुला मी फोन करून सांगितलं होतं, आता इथे फोन करत जाऊ नकोस, मिहिरला त्रास होतो. तू हो म्हणालीस आणि शब्द पाळलास. पेटीबद्दल मात्र मी बोलले नव्हते.

मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही इंटरनेट बदललं. नवीन राऊटर बसवायला माणूस आला होता. हे आत आंघोळीला गेले होते. त्याने विचारलं, “मॅडम, वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवू का? घरातलं सगळं आपोआप जोडलं जाईल, काही करायला नको.” चांगला होता बिचारा, माझं काम वाचवत होता. मी म्हटलं, नको, नवीन ठेवा. मिहिरचा आणि माझा मोबाइल त्याच्याकडूनच जोडून घेतला. शोकेसवरच्या डब्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, हे पण नेटचं आहे का? मी म्हटलं, नाही, तो साधा रेडिओ आहे.

पुढच्या सोमवारी हे नेहमीसारखे सकाळीच खुर्चीत येऊन बसले. पेटीत साठलेलं वाजत होतं, पण आधीच्याच आठवड्याचं. दुपारी जेवायला उठले तेव्हा म्हणाले, आज तिला काम असेल. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमधले बिघाड शोधण्यात गेली, त्या माणसाला असं काही मिळालं की अंगात यायचं. फक्त आता डोळे माझे वापरायचे होते.

“पेटीवर दिवा कुठला लागलाय?”

“हिरवा,” मी म्हटलं. लाल होता.

“राऊटरचे मोज.” ते मी खरे मोजले. “पेटी बंद कर. दहा आकडे म्हण. आता लाव.” लावली. मग बोटं खुर्चीच्या हातावर वाजवत बसले. आणि नेमकं तिथेच आले. “वायफायचं नाव आणि पासवर्ड आधीचाच आहे ना? त्या माणसाने बदलला नाही ना?”

इरा, तिथे मी सांगू शकत होते. विसरले म्हणाले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, “तेच आहे. मी स्वतः विचारलं होतं.”

“मग वायर थेट लाव. निळी असेल.” मी वायर पेटीजवळ नेली, मागच्या पत्र्यावर घासली, आत घातली नाही. त्यांनी कान पेटीला लावला आणि किती वेळ तसेच वाकून राहिले. मग सरळ बसले आणि मला समजावून सांगितलं, एखाद्या नवीन माणसाला कामावर शिकवावं तसं. “बिघाड दोनच ठिकाणी असतो बघ. आपल्या बाजूला, नाहीतर पलीकडे. आपल्या बाजूचं सगळं तपासून झालं. ठीक आहे सगळं. म्हणजे पोरीनेच बंद केलं.” मी म्हटलं, फोन लावून देऊ का? हे खोटं नव्हतं, त्या क्षणी मी खरंच लावला असता. ते म्हणाले, “नको. तिला नव्याने सुरू करायचं असेल. आपण मागे लागायचं नाही.”

त्यानंतर ते ती शेवटची सात गाणीच रोज ऐकायचे. पावसाळाभर, दिवाळीत, थंडीत, तीच सात. प्रत्येक गाणं संपलं की मोठं बटण दाबायचे. तुझ्यापर्यंत काही पोचत नाही असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, तरी दाबायचे.

मिहिरला बघवत नव्हतं म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण डिसेंबरात तो बदली घेऊन पुण्याला गेला. मग कोणासाठी लाल दिवा ठेवला होता? आता खरं लिहिते. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या शब्दाची त्यांनी खुर्ची ओढून, दाढी करून वाट पाहिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत थेंब मी घालायचे, रस्त्यावर हात मी धरायचे, भाजीतली मिरची काढून मी द्यायचे, आणि त्यांचा चेहरा खुलायचा तो तुझ्या दोन मिनिटांच्या बोलण्याने. त्याच तोंडाने मी शेजारच्या सुनंदाला सांगायचे, सून गेली पण माया तोडली नाही हो. सांगायचे आणि जळायचे. मार्चमध्ये एकदा ते झोपलेत असं समजून मी वायर हातात घेतली होती. आतून आवाज आला, “काय करतेस गं?” मी म्हटलं, धूळ पुसतेय. आणि खरंच फडकं आणून पुसली. पेटी सुरू झाली असती तर इतके दिवस का बंद होती ते सांगावं लागलं असतं. ते मला जमणार नव्हतं.

काल दिवा हिरवा झाल्यावर ती सगळी गाणी उतरायला संध्याकाळ झाली. एकसष्ट सोमवार. तू एकही चुकवला नाहीस. मी फक्त तुझं बोलणं ऐकत गेले, गाणी ऐकायचा धीर झाला नाही. चौथ्या सोमवारी तू म्हणतेस, “बाबा, इकडे पेटी बंद दिसतेय. आईंना सांगा, निळी वायर लावून बघतील.” इतका विश्वास. गणपतीत म्हणतेस, “तुम्हीच बंद केली असेल तर राग असू दे, मी पाठवत राहणार.” फेब्रुवारीतल्या एका सोमवारी काही बोलली नाहीस, नुसता घसा साफ केलास आणि गाणं लावलंस. म्हणजे तुला वाटत होतं, ह्यांनी तोडलं. ह्यांना वाटत होतं, तू तोडलंस. मध्ये मी बसले होते.

आणि परवाच्या सोमवारचं. “बाबा, या रविवारी तुम्हाला पंच्याहत्तर पूर्ण. मी येणार आहे. दार नाही उघडलंत तरी जिन्यात उभी राहून जाईन.” ते ऐकलं आणि माझा हात कसा गेला कळलं नाही, मी मोठं बटण दाबलं. तुझ्या फोनवर ‘ऐकलं’ आलं असेल. तुला किती आनंद झाला असेल ते मला कळतंय. ते बटण मी दाबलं, इरा.

हे वीस जुलैला गेले. हृदय थकलं होतं, चार दिवस हॉस्पिटलात होते. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं होतं, आज वायरीचं सगळं सांगून टाकायचं. तेव्हा ते झोपले होते. म्हटलं, उठले की सांगू. मग ते बोलण्यासारखे उठलेच नाहीत. तुला कळवायचं नाही, असं मिहिरला मीच बजावलं, कारण तू आली असतीस तर पेटीबद्दल विचारलं असतंस. फोन करायला काल तीनदा घेतला. तू “आई” म्हटलं असतंस आणि मी पुन्हा अर्धंच सांगितलं असतं, म्हणून पत्र. कुरिअरवाला म्हणतो, शुक्रवारपर्यंत अंधेरीला पोचेल. आमच्या दारातून आत पाहिलं की समोरच्याच भिंतीवर त्यांचा फोटो आहे, हार घातलेला. रविवारी दार उघडल्यावर तो तुला असा एकदम दिसू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं. आलीस तर मी घरीच आहे. नाही आलीस तर का ते मला विचारावं लागणार नाही.

तुझी,
सुहासिनी